घरच्यासारखी

'सांभाळायला एखादी बाई मिळेल का?' हा प्रश्न आमच्या जळकोटात पूर्वी कोणी कोणाला विचारीत नसे. बैल घ्यायचा असला, सालगडी ठेवायचा असला किंवा लग्नाला आचारी हवा असला, तर पारावर चौकशी होई. घरच्या म्हाताऱ्या माणसाच्या उशाशी बसायला बाहेरचे माणूस आणायचे, ही कल्पनाच कुळाला कमीपणा आणणारी वाटे. आता मात्र सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर एस.टी.ची वाट पाहताना किंवा नळदुर्गच्या बाजारात भाजी निवडताना हाच प्रश्न कानी पडतो. मुले पुण्याला नाही तर हैदराबादेला, मुली आपापल्या सासरी, आणि घरात लकव्याने पडलेले वडील किंवा सारे काही विसरत चाललेली आई. मग फोन फिरू लागतात आणि कोणीतरी 'चोवीस तासांची बाई' शोधून आणते.

(जळकोट नावाचे एक तालुक्याचे गाव लातूर जिल्ह्यात आहे. मी म्हणतो ते धाराशिव जिल्ह्यातले, तुळजापूर तालुक्यातले. हा खुलासा आम्हां जळकोटकरांना जन्मभर करावा लागतो.)

अशी बाई ठरवताना दोन्ही बाजूंकडून एक वाक्य हमखास बोलले जाते. घरमालक म्हणतो, 'तिला आम्ही घरच्यासारखी वागवू.' मध्यस्थ म्हणतो, 'ती घरच्यासारखी राहील.' मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे शब्द दिसला की तो उकरून पाहायची खोड लागली आहे. 'घरची' आणि 'घरच्यासारखी' या दोन शब्दांत जे तीन अक्षरांचे अंतर आहे, त्यात आपल्या मराठी घरांचा दोनअडीचशे वर्षांचा इतिहास दडलेला आहे, असे मला वाटते. तो थोडक्यात सांगावा म्हणून हा लेख.

पेशवाईपासून सुरुवात करू. त्या काळच्या वाड्यांतून दळण, कांडण, झाडलोट, तान्ह्या मुलांची आणि आजाऱ्यांची उस्तवार ही कामे पुष्कळदा कुणबिणींकडे असत. या ठिकाणी कुणबीण याचा अर्थ कुणब्याची बायको असा नव्हे. विकत घेतलेली किंवा सरकारातून मिळालेली दासी, असा तो शब्द कागदपत्रांतून येतो. दुष्काळात पोटासाठी विकल्या गेलेल्या मुली त्यांत असत, तशाच बदकर्माचा आरोप ठेवून सरकारने दासी केलेल्या बायकाही असत. कुणबीण वाड्यातच राही, वाड्यातलेच खाई आणि वाड्यातच मरे. तिचा दिवस केव्हा संपतो, हा प्रश्न कोणी विचारीत नसे, कारण तिचा दिवसच काय, सारे आयुष्यच विकत घेतलेले असे. कंपनी सरकारने १८४३ साली कायदा करून गुलामांवरचा मालकी हक्क न्यायालयांनी मानू नये असे ठरवले. आमचा मुलूख तेव्हा निजामाचा होता. पुढे १८५३ ते १८६० ही वर्षे नळदुर्ग जिल्हा इंग्रजांकडे राहिला आणि मेडोज टेलरसारखा लेखणीबहाद्दर अधिकारी नळदुर्गच्या किल्ल्यात बसून कारभार पाहू लागला. नंतर तो मुलूख परत निजामाकडे गेला. राज्ये अशी आली आणि गेली. पण घरात मुक्कामाला असलेल्या बाईला घड्याळ नसते, ही समजूत मात्र कुठल्याच तहनाम्यात गेली नाही. ती आजही अनेक घरांत सुखाने नांदते आहे.

सांभाळ करणाऱ्या बाईचे नाव इतिहासाने राखून ठेवले, असे उदाहरण फार दुर्मिळ. त्यातले एक महाराष्ट्राला ठाऊक आहे. १६५७ साली पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म झाला. सईबाईंची प्रकृती बरी नव्हती. तेव्हा बाळाला दूध पाजण्यासाठी कापूरहोळच्या गाडे घराण्यातल्या धाराऊ आल्या. दोनच वर्षांनी, १६५९ साली सईबाई निवर्तल्या. धाराऊंचे मुलगे पुढे संभाजीराजांच्या सेवेत मानाने राहिले. राजाला दूध पाजले म्हणून धाराऊचे नाव राहिले. बाकीच्या ज्या हजारो धाराऊ पाटलांच्या, देशमुखांच्या, सावकारांच्या घरी राबल्या, त्यांची नावे त्यांनी वाढवलेल्या मुलांनाही आठवली नाहीत.

कुणबीण वाड्यात असे. खेड्यात दुसरी एक बाई होती, ती म्हणजे सुईण. आमच्या भागात बाळंतपणाला बहुधा मांगवाड्यातली बाई येई. तिच्या बोटांत पिढ्यान्‌पिढ्यांचे शहाणपण असे. अडलेली बाळंतीण सोडवताना तिला कोणी 'लांब उभी राहा' म्हणत नसे. बाळाला पहिला मानवी स्पर्श होई तो तिचा. पण बाळ रडले, नाळ कापली गेली, न्हाऊमाखू झाले, की घर शुद्ध करून घेतले जाई आणि तिची जोंधळ्याची पायली व लुगडे-खण अंगणातूनच दिले जाई. गरज असेपर्यंत स्पर्श चालतो आणि गरज संपली की विटाळ होतो, असा हा विलक्षण हिशेब होता. आपण म्हणाल, ही जुनी गोष्ट झाली. तसे नाही. २०१७ साली पुण्यासारख्या शहरात, एका उच्चविद्याविभूषित शास्त्रज्ञ बाईंनी स्वयंपाकाच्या बाईने आपली जात लपवली म्हणून पोलिसांत फिर्याद दिली होती. वर्तमानपत्रांतून गदारोळ झाला आणि फिर्याद मागे घेतली गेली. फिर्याद मागे घेता येते. मनातली पायली-अंगणाची पद्धत मागे घ्यायला वेळ लागतो.

आता तिसरी बाई. ही सर्वांत जवळची, म्हणून सर्वांत अदृश्य. ही घरचीच. ती म्हणजे घरातली विधवा.

पांढरपेशा मराठी घरांतून आजाऱ्याची सेवा करायला पगारी माणूस का लागत नसे, याचे उत्तर आपण एकत्र कुटुंबाच्या मायेत शोधतो. माया होती, नाही असे नाही. परंतु त्या मायेला हातपाय होते, आणि ते बहुतेक वेळा एखाद्या बालविधवेचे होते. आमच्या घरात त्या आत्याआजी होत्या, म्हणजे आजोबांची बहीण. वयाच्या बाराव्या वर्षी परत आलेल्या. माझ्या आठवणीतली त्यांची मूर्ती म्हणजे तांबडे आलवण, हातात पाण्याचे तांब्याचे भांडे आणि तोंडात 'आले हो' हे दोन शब्द. घरातली सर्व बाळंतपणे त्यांनी काढली, सर्व म्हातारपणे त्यांनीच निस्तरली. १९४८ साली रझाकारांच्या धामधुमीत सरहद्दीवरच्या गावोगावची कुटुंबे सोलापूरकडे निघाली, तेव्हा आमचे घरही निघाले. पणजी अंथरुणाला खिळलेली होती. तिला गाडीत घालणे शक्य नव्हते. तिच्यापाशी आत्याआजी राहिल्या. सप्टेंबरात पोलीस कारवाई होऊन मंडळी परत आली, तेव्हा म्हातारी धडधाकट बोलत होती आणि आत्याआजी तिला पेज भरवीत होत्या.

ही हकीकत आमच्या घरात मोठ्या अभिमानाने सांगत. 'काय त्याग हो!' असे ऐकणारे म्हणत. मी इतिहासाच्या अभ्यासाला लागल्यावर एकदा वडिलांना विचारले, 'राहायचे असे आत्याआजींनी ठरवले, की त्यांना विचारलेच नव्हते?' वडील बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, 'त्या राहणार हे ठरलेलेच होते.' यातला कर्ता कोण, हे व्याकरणाच्या मास्तरालाही सांगता येणार नाही. आत्याआजी गेल्या, तेव्हा त्यांच्या नावावर जमीन नव्हती, दागिना नव्हता, पेढीवर खाते नव्हते. एक पत्र्याची पेटी होती. तीत दोन आलवणे, पोथी आणि आम्हां मुलांचे पाडलेले दुधाचे दात निघाले.

या पार्श्वभूमीवर गेल्या शतकाअगोदरची काही साले पाहावीत. १८८९ साली पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन काढले. १८९६ साली अण्णासाहेब कर्व्यांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रम सुरू केला आणि तो पुढे हिंगण्याला गेला. आपण या घटना स्त्रीशिक्षणाच्या प्रकरणात वाचतो, आणि ते बरोबरच आहे. पण मला त्यांत आणखी एक घटना दिसते. विधवा मुलगी शाळेत गेली, म्हणजे घरातल्या आजाऱ्याच्या उशाशी असलेली बिनपगारी जागा रिकामी झाली. सुधारकांना जो विरोध झाला, तो धर्माच्या नावाने झाला. पण त्या सोवळ्याच्या आड 'मग आईचे कोण करणार?' हा अगदी व्यावहारिक प्रश्नही उभा असणार, याविषयी मला शंका नाही.

त्या प्रश्नाचे उत्तर सुधारकांनीच पुढे दुसऱ्या वाटेने दिले. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुल्यांनी रोग्यांची शुश्रूषा करताना प्राण वेचले. १९०९ साली रमाबाई रानड्यांनी पुण्यात सेवासदन स्थापले. तेथे विधवांना व गरजू स्त्रियांना शिकवण्याचे जे उद्योग ठरले, त्यांत रुग्णशुश्रूषाही होती, आणि तिचे शिक्षण ससून रुग्णालयाच्या साहाय्याने दिले जाऊ लागले. परक्या पुरुषाच्या जखमा धुणे हे कुलीन बाईचे काम नव्हे, असा गहजब त्या वेळी झाला. गंमत पाहा, हेच काम घरात, फुकट, रात्रंदिवस केले तर ते पुण्यकर्म होते. बाहेर, शिकून, वेतन घेऊन केले तर कुळाला बट्टा होता! सेवासदनाने काय केले, तर सेवेला विद्या मानले आणि विद्येला मोल लावले. त्या संस्थेची शाखा पुढे आमच्या सोलापुरातही निघाली.

आणि हिंगण्याच्याच एका बाईंनी हा प्रश्न साता समुद्रापलीकडे जाऊन तपासून पाहिला. पार्वतीबाई आठवले या बाया कर्व्यांच्या भगिनी, स्वतः विधवा, आश्रमासाठी गावोगाव वर्गणी गोळा करणाऱ्या. १९१८ साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्या इंग्रजी शिकण्यासाठी आणि आश्रमासाठी मदत मिळवण्यासाठी अमेरिकेस गेल्या. जवळ पैसा नाही, भाषा येत नाही. तेव्हा त्यांनी तिकडे लोकांच्या घरी राहून घरकामाची नोकरी केली. कोकणातल्या ब्राह्मण घराण्यातली विधवा अमेरिकन बाईच्या घरी भांडी घासते आहे, हे चित्र त्या काळच्या पुण्याला केवढे अचाट वाटले असेल! परंतु पार्वतीबाईंना त्यात लाज वाटली नाही. १९२८ साली 'माझी कहाणी' हे आत्मचरित्र लिहून त्यांनी ते उघडपणे सांगितले. मला त्यातले मर्म असे दिसते, की हीच कामे इकडे करणाऱ्या विधवेला आश्रित म्हणत आणि तिकडे करणारीला नोकर म्हणत. नोकर हा शब्द आपल्याला हलका वाटतो. पण नोकराला पगार असतो आणि नोकरी सोडता येते. आश्रिताला यांतले एकही नसते.

आता पुन्हा आमच्या गावाकडे वळतो, कारण करार कसा करावा हे आमच्या मराठवाड्याला माहीत नव्हते असे नाही. सालगड्याची पद्धत घ्या. गुढीपाडव्याला साल ठरते आणि पुढच्या पाडव्याला संपते. रोख किती, जोंधळे किती, कपड्यांचे जोड किती, वहाणा आणि घोंगडी देणार की नाही, हे सगळे चारचौघांत बोलून ठरवायचे. या पद्धतीचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. उचल फिटली नाही म्हणून बापाच्या जागी मुलगा राबला, अशा कथा कमी नाहीत. म्हणून तर १९७६ साली वेठबिगारी बंद करणारा कायदा करावा लागला. पण एक गोष्ट खरी, की गड्याशी बोलणी उघड होत. त्याला कोणी 'तू घरच्यासारखाच, तुला कशाला घोंगडी मोजून द्यायची?' असे म्हणत नसे. मग घरात राहून माणूस सांभाळणाऱ्या बाईशीच बोलणी मोघम का? कारण उघड आहे. गडी ज्याच्या जागी येतो तो बैलाइतकाच बाहेरचा. बाई ज्यांच्या जागी येते त्या आत्याआजी. आत्याआजींशी कोणी कधी बोलणी केली होती?

तीन वर्षांपूर्वी ही वेळ आमच्यावर आली. पत्नीची उजवी बाजू लकव्याने गेली. सोलापूरचे उपचार संपले, घरी आणले. एका परिचितांनी शेजारच्या तांड्यावरून एक बाई आणल्या. पन्नाशीच्या, नवरा वारलेला. दसरा झाला की आमच्या भागातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. तिथे नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. एकट्या माणसाला 'अर्धा कोयता'. या बाई अर्धा कोयता म्हणून दोन हंगाम गेल्या आणि कंबर धरल्यामुळे परतल्या. परिचित म्हणाले, 'अगदी घरच्यासारखी राहतील.' त्यावर त्या बाईच म्हणाल्या, 'घरच्यासारखं ते नंतर बघू, गुरुजी. आधी मला सांगा, रातीला किती बारी उठावं लागतंय? मला निजायला कुठं? काकूंचं समदं करीन, हागणं-मुतणं बी काढीन, त्याची लाज न्हाई. पर पाहुण्यांचा स्वैपाक आन्‌ गोठा माझ्याकडं न्हाई. आन्‌ महिन्याला चार दिस लेकीकडं जाईन.'

माझ्या थोरल्या बहिणीला हे बोलणे उद्धटपणाचे वाटले. मला मात्र, खरे सांगतो, शाळेत चाळीस वर्षे जे शिकवले ते प्रथमच कोणी माझ्या ओसरीवर येऊन म्हणून दाखवले असे वाटले. आम्ही वहीत लिहून काढले. महिन्याचा पगार, ५ तारखेच्या आत. ४ सुट्या. रात्री तीनदा उठावे लागले तर दुपारी दोन तास झोप. निजायला स्वतंत्र खोली, आतून कडी असलेली. दुखणे आले तर डॉक्टरचा खर्च आमचा. खाली माझी सही आणि त्यांची सही. त्या सही करतात, अंगठा नव्हे. बहिणीने विचारले, 'इतके लिहिल्यावर माया कुठून राहील?' याचे उत्तर मी देण्यापेक्षा पत्नीच्या चेहऱ्याने दिले. तिला बोलता येत नाही, पण या बाई सुटीवर गेल्या की ती दरवाजाकडे पाहत बसते. हिशेब स्वच्छ असला की मायेला जागा उरते, असा माझा तीन वर्षांचा अनुभव आहे. मायेच्या नावाखाली हिशेब बुडवला जातो तिथे उरते ती फक्त उपकाराची भाषा.

जी गोष्ट आमच्या तांड्यावरच्या बाईंना उपजत कळली, ती समाजाला कळायला बराच काळ लागला. १९८० साली पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. पुण्याच्या गृहिणींना त्या दिवसांत आपल्या मोरीतली भांडी प्रथमच नीट दिसली असतील. २००८ साली महाराष्ट्राने घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. २०११ साली आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने घरकामगारांसाठी जगभरचा करार मंजूर केला. त्यात घरी राहणाऱ्या कामगाराला विश्रांतीचा काळ आणि आठवड्याला किमान सलग २४ तासांची सुटी असावी असे म्हटले आहे. भारताने त्याला अजून अंतिम मान्यता दिलेली नाही. मात्र २०१३ साली झालेल्या स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्याने एक महत्त्वाचे सत्य मान्य केले: कामाला येणाऱ्या बाईपुरते आपले राहते घर हे कामाचे ठिकाण आहे. आपल्याला जे घर वाटते, ते तिचे कचेरी-कारखाना आहे. हे वाक्य पचायला जड आहे, पण एकदा पचले की पुष्कळ गोष्टी सोप्या होतात.

दुसऱ्या बाजूचाही विचार केला पाहिजे. २००७ च्या कायद्याने आईवडिलांचा सांभाळ ही मुलांची जबाबदारी ठरवली. पण जो मुलगा स्वतःच तुटपुंज्या पगारावर परगावी आहे, त्याने चोवीस तासांच्या बाईचा न्याय्य पगार कुठून द्यावा? दोन गरजू माणसांना समोरासमोर उभे करून तुम्हीच आपसांत मिटवा म्हणणे, हा काही न्याय नव्हे. आमच्याच रस्त्यावर अणदूरला हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावोगावच्या साध्या बायकांना आरोग्याचे शिक्षण देऊन 'भारतवैद्य' म्हणून उभे केले. खेड्यातली बाई शिकवली तर काय करू शकते, हे त्यावरून दिसले. त्याच रीतीने तालुक्या-तालुक्याला सांभाळाचे शिक्षण मिळावे, आजाऱ्याला कूस कशी बदलावी, गिळताना ठसका लागू नये म्हणून कसे भरवावे, हे शिकवावे, आणि गरीब घराच्या खर्चाचा काही वाटा सार्वजनिक तिजोरीने उचलावा. सेवासदनाने शंभर वर्षांपूर्वी जे पाऊल टाकले, त्याच्या पुढचे पाऊल हेच आहे.

दिवाळीच्या दिवसांत हा विषय काढला म्हणून कोणी नाराज होऊ नये. खरे तर हाच त्याचा मुहूर्त आहे. मुलेबाळे घरी येतात, आईचे हात थरथरताना दिसतात, आणि 'बाई ठेवायची का?' ही चर्चा फराळाच्या ताटावर सुरू होते. कर्व्यांच्या संस्थेने भाऊबिजेच्या नावाने निधी गोळा करून हजारो मुलींना शिकवले. ओवाळणी ही बहिणीची हक्काची असते, ही भावना त्यामागे होती. आपल्या घरी जी बाई आईला न्हाऊ घालते, तिलाही भाऊबिजेला लुगडे जरूर द्यावे, ताटात ओवाळणी जरूर घालावी. फक्त ती पगारातून वळती करू नये, आणि पगाराच्या ऐवजीही देऊ नये.

आत्याआजींची पत्र्याची पेटी आजही माझ्या माळ्यावर आहे. तीत जे नव्हते, ते निदान यापुढच्या एखाद्या बाईच्या पेटीत असावे, एवढेच मागणे.